कड

रात्री दहाला भट्टी झाकली,
शटर गुडघ्यापर्यंत ओढलं,
तेवढ्यात रेवती चौगुले वाकून आत आली,
कापडात काहीतरी गुंडाळून, तान्ह्या पोरासारखं,
काखेत बाटली, पलूसकडच्या द्राक्षांची.
"काका, ब्रेड द्या कसलातरी.
जोडी जुळवायचीय."

शाहूपुरीत तिच्या आज्याची गुळाची अडत.
अडत मोडली, गोदाम राहिलं.
ढेपांच्या फळ्यांवर आता
म्हशीच्या दुधाच्या चीजची चाकं निजतात,
आठ-आठ महिने.
रोज हातानं उलथावी लागतात, म्हणते,
नाहीतर एका अंगाला ओल धरते.

गंगावेशीतला तिचा चुलता म्हणाला होता,
आम्ही गिऱ्हाइकाच्या तोंडासमोर धार काढतो,
फेस मोडायच्या आत दूध पोटात,
आणि ही पोरगी ते नासवते,
वर जपून ठेवते!

सुरी मागितली, ब्रेडची दिली.
वरची साल राखाडी, आत शंखाचा पांढरा.
आधी गोठ्याचा वास,
मग ओल्या फळीचा,
आणि खूप मागून, दोन शेतं पलीकडे
कुणी चुलवाण पेटवल्यासारखा, गुळाचा.
भिंतीत मुरलेला साठ वर्षांचा गूळ.

बाबालाल मुजावर, माझा भट्टीवाला,
बाटलीपासून दोन हात सरकून बसला,
मधे चहाचा ग्लास ठेवून,
शेताच्या बांधावरच्या दगडासारखा.

आधी मी मधली स्लाइस दिली.
तीस वर्षं हीच विकतोय, मिसळीबरोबरची.
पांढरी, मऊ, स्वतःचं मत नसलेली.
कटात बुडवली की कटच होऊन जाते,
हेच तिचं कसब.
चीजखाली बसली आणि विरली.
"हिला भांडताच येत नाही," रेवती म्हणाली.
मग खारी काढली. खारी सगळीकडे सांडली.
फुलपात्रातून वाइनचा घोट घेतला,
जांभळं खाल्ल्यागत जीभ आवळली,
वाटलं, हे आपलं काम नव्हे.

बाबालालनं तोवर टोपलीतून कडा काढल्या.
पावाच्या दोन्ही टोकांच्या, करपट पाठीच्या,
ज्या मिसळवाले घेत नाहीत,
ज्या यल्लाप्पाच्या शेळ्यांना जातात.
एकीवर चीजचा ढलपा ठेवून चावला.
थांबला.
चहा तसाच राहिला.
"मालक," म्हणाला, "हे खावा."

खाल्लं. आधी करपलेलं, मग खारट, मग गुळमट,
आणि मागून वाइन आली, तरी
कुणी कुणाची पाठ लावली नाही.
गोठा राहिला, द्राक्ष राहिलं, भट्टी राहिली.
रेवती वहीत लिहीत होती.
मी मनात हिशेब मांडला:
रोजचे चाळीस पाव, ऐंशी कडा,
गुणिले तीस वर्षं.
यल्लाप्पाच्या शेळ्या उगाच नाहीत धष्टपुष्ट.

आणि मग मालन आठवली.
लग्नापासून ती कडाच खाते,
चहात बुडवून, ओट्याशी उभी राहून.
पाव्हण्यारावळ्यांत मी कौतुकानं सांगायचो,
काटकसरी आहे हो आमची.
एकदा चिडून अख्खा पाव तिच्यापुढं आदळला,
म्हटलं, बेकरी आपली आहे, उरलंसुरलं काय खातेस?
मुकाट्यानं तिनं मधल्या स्लाइस खाल्ल्या.
कडा डब्यात घातल्या, सकाळसाठी.
तेव्हा मी तो डबा बघितला होता.
बघून खाली गेलो होतो.

बशी घेऊन वर गेलो. दिवा लावला नाही.
"वास मारतंय तोंड तुमचं."
"मारतंय. हे खा."
अंधारात कड मोडल्याचा आवाज.
मग बराच वेळ नुसतं चावणं.
खाली बाबालालनं शटर पूर्ण ओढलं.

"वरचं ते खारट आहे," ती म्हणाली.
"कड आजची?"
"आजची."
"बाबालालनं आज जरा जास्त भाजलीय."
आणि हात लांब करून
बशी चाचपू लागली,
अजून एक आहे का बघायला.